कोल्ड फ्रंट येतोय: वसंतातल्या गडगडाटी वादळाचा माग कसा ठेवायचा

उत्तर टेक्सासात राहायला आल्यावर पहिल्याच वसंतात मी एक चूक केली. दुपारी रडारवर विचिटा फॉल्सच्या आसपास वादळांची लांबच लांब लाल रांग दिसत होती. हिशेब केला, आमच्यापर्यंत यायला तिला तीन तास तरी लागणार. निवांत कामाला लागलो. पाऊण तासात नैऋत्येकडून एक एकटंच वादळ आलं, ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि पार्किंगमधल्या माझ्या गाडीच्या टपावर गोल्फच्या चेंडूएवढ्या गारांनी पोचे पाडून गेलं. रांग मात्र अगदी ठरल्या वेळी आली. तिच्यात नुसता पाऊस होता. माझा हिशेब बरोबर होता, पण भलत्याच वादळाचा.

त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती इथे लिहितो आहे. तिचा गाभा एवढाच: वादळ लांब असताना चार ठिकाणी बघा, जवळ येईल तसं बघणं कमी करा, आणि शेवटच्या अर्ध्या तासात एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. तीन दिवस काही बघत नाहीत आणि सायरन वाजल्यावर चार ॲप उघडतात.

उदाहरणं डॅलसच्या उत्तरेकडची आहेत कारण मला तीच माहीत आहेत. तुम्ही ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसुरी किंवा अलाबामात असाल तर गावांची नावं बदलून घ्या.

आधी हवेचं भांडण समजून घ्या

'फ्रंट' हा शब्द पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानतज्ज्ञांनी रूढ केला. दोन प्रकारच्या हवा समोरासमोर उभ्या ठाकतात ते त्यांना युद्धआघाडीसारखं वाटलं. मराठीतल्या 'शीत आघाडी'तही तोच वास आहे.

मार्च ते मे या काळात मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा उत्तरेला चढत असते. वायव्येकडून थंड, कोरडी, जड हवा पाचरीसारखी तिच्याखाली घुसते आणि तिला वर ढकलते. पण नुसत्या ढकलण्याने मोठं वादळ होत नाही. जमिनीलगत पुरेसा दमटपणा लागतो. वर चढलेली हवा चढतच राहील इतकी अस्थिरता लागते. आणि उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत जावा लागतो, ज्याला 'शिअर' म्हणतात. खाली आग्नेयेचा वारा आणि वीस हजार फुटांवर पश्चिमेचा जोरदार वारा असला की वादळाचा वर चढणारा झोत आणि खाली कोसळणारा पाऊस एकमेकांपासून वेगळे राहतात. म्हणून ते वादळ अर्ध्या तासात विझत नाही, तासन्‌तास चालतं.

आपल्यापैकी बरेच जण इथेच फसतात. डोक्यात वळीव असतो: दुपारभर उकाडा, संध्याकाळी काळं आभाळ, तासाभराचा धिंगाणा आणि मग मातीचा वास. फ्रंटच्या वादळाला दुपारच्या उकाड्याची गरज नसते. ते पहाटे तीनलाही येतं.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, 'कॅप'. जमिनीपासून काही हजार फुटांवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. तो टिकला तर दिवसभर नुसतं घामाघूम होणं. तो दुपारी फुटला तर फ्रंटच्या पुढे, मोकळ्या उबदार पट्ट्यात, एकेकटी वादळं उभी राहतात. माझ्या गाडीचं वादळ त्याच जातीचं होतं. टेक्सास-ओक्लाहोमात या भानगडीत 'ड्रायलाइन'ही असते, म्हणजे पश्चिमेची कोरडी आणि आखाताची दमट हवा यांच्यातली सीमा. पुष्कळदा पहिली वादळं फ्रंटवर नाही, तिच्यावर फुटतात.

तीन दिवस आधी: फक्त रंग

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आठ दिवसांपर्यंतचे अंदाज देतं. पहिल्या तीन दिवसांच्या नकाशात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: मार्जिनल (गडद हिरवा), स्लाइट (पिवळा), एनहान्स्ड (केशरी), मॉडरेट (लाल) आणि हाय (किरमिजी). मार्जिनल आणि एनहान्स्ड २०१४मध्ये वाढवल्या. त्याआधी तीनच होत्या.

या नावांनी फसू नका. 'स्लाइट' ऐकून 'किरकोळ दिसतंय' म्हणणारे भेटतात. ही पायरी तुमच्या घरावर काय होईल हे सांगत नाही. तिच्यामागचा आकडा असतो तो तुमच्यापासून २५ मैलांच्या आत 'सिव्हिअर' हवामान घडण्याच्या शक्यतेचा. एखाद्या साध्या दिवशी टॉर्नेडोची ही शक्यता जवळपास शून्य असते, तेव्हा नकाशावर ५ टक्के दिसले तरी ती मोठी गोष्ट आहे.

आणि 'सिव्हिअर' म्हणजे काय तेही पक्कं करून घ्या: १ इंच किंवा त्याहून मोठी गार, ताशी ५८ मैल किंवा त्याहून जोराचा वारा, किंवा टॉर्नेडो. विजा या व्याख्येत नाहीत. आभाळ फाटल्यासारख्या विजा कोसळत असल्या तरी सिव्हिअर वॉर्निंग नसू शकते, आणि त्या विजेने माणूस मरू शकतो.

तीन दिवस आधी याहून खोलात जाऊ नका. संगणकीय मॉडेलच्या नकाशावर पाचव्या दिवशी दिसणारी भयानक रांग दुसऱ्या दिवशी शंभर मैल सरकलेली असते. रंग बघा, शनिवारचं बाहेरचं जेवण हलवायचं का एवढं ठरवा, संपलं.

आदल्या रात्री: रंग सोडा, मजकूर वाचा

वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं, तुमच्या भागाचं कार्यालय रोज 'एरिया फोरकास्ट डिस्कशन' नावाचं टिपण लिहितं. नकाशापेक्षा ते कितीतरी पटींनी उपयोगी, आणि कोणी वाचत नाही. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची.

पहिला, वादळं सुटी असतील की रांगेत? 'डिस्क्रीट' म्हटलं असेल तर मोठ्या गारा आणि टॉर्नेडोची काळजी जास्त. 'लिनिअर' म्हटलं असेल तर सरळ रेषेतल्या वाऱ्याची. दोन्ही लिहिलं असेल, 'आधी सुटी, मग रांग', तर तो दिवस लांबणार हे समजा. दुसरा, वेळ काय? तिसरा, लिहिणाऱ्याला स्वतःला किती खात्री आहे? 'कॅप फुटला तर' अशी वाक्यं आली की समजायचं, उद्या एकतर काहीच नाही किंवा भरपूर.

याच रात्री बाकीची तयारी उरकून टाका. फोनच्या सेटिंगमध्ये सरकारी आपत्कालीन इशारे चालू आहेत ना ते बघा. गेल्या वर्षी मध्यरात्री हरवलेल्या मुलाच्या इशाऱ्याने झोपमोड झाली म्हणून रागाने सगळंच बंद केलेलं असतं. वेदर रेडिओ असेल तर उत्तमच. तो १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांवर चालतो आणि त्यात आपल्या काउंटीचा कोड घातला की बाकीच्या काउंट्यांसाठी तो ओरडत नाही. इशारा मिळण्याचे किमान दोन मार्ग हवेत आणि दोन्ही एकाच वायफायवर टांगलेले नकोत.

आणि तुमची काउंटी कुठली, तिच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला कुठल्या, हे तोंडपाठ करा. टीव्हीवर काउंट्यांची नावं येतात, सबडिव्हिजनची नाही. आमच्याकडे वाइज, मग डेंटन, मग कॉलिन. 'वाइज काउंटी' ऐकलं की माझे कान टवकारतात.

त्या दिवशी सकाळी आणि दुपारी

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज सेंट्रल डेलाइट वेळेनुसार रात्री १, सकाळी ८, ११:३०, दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता येतो. मी ११:३०चा बघतो. तोवर सकाळी आभाळात सोडलेल्या हवामान-फुग्यांची माहिती हाती आलेली असते आणि रात्रीच्या अंदाजातलं धुकं जरा निवळलेलं असतं. या सगळ्या पत्रकांवर वेळ युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि तिच्यानंतर 'झेड' लावलेलं असतं. उन्हाळी वेळ चालू असताना सेंट्रलसाठी पाच तास वजा करा, ईस्टर्नसाठी चार. २२झेड म्हणजे आमचे संध्याकाळचे पाच. हे एकदा चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग जवळच्या स्टेशनांची जमिनीवरची मोजमापं उघडा. इथे मला खरी मजा येते. तापमान नाही, दवबिंदू बघायचा, म्हणजे हवेत दमटपणा किती ते सांगणारा आकडा. ५५ फॅरनहाइटवरून दुपारपर्यंत तो ६५च्या पुढे चढत असेल आणि वारा आग्नेयेकडून असेल तर आखाताची हवा पोचली. मग नजर वायव्येला टाका. एका स्टेशनवर दक्षिणेचा वारा, ८० अंश. त्याच्या वायव्येच्या पुढच्याच स्टेशनवर उत्तरेचा वारा, ५८ अंश आणि वायुभार चढणीला. फ्रंट या दोन स्टेशनांच्या मधे आहे. टीव्हीवरच्या निळ्या दातेरी रेषेपेक्षा हे खात्रीचं, कारण ती रेषा कोणीतरी काही तासांपूर्वी काढलेली असते. दर तासाला फ्रंट कुठल्या स्टेशनवरून गेला ते कागदावर टिपलं की त्याचा वेग आपोआप कळतो.

दुपारी उपग्रहाचं दृश्य प्रकाशातलं चित्र बघा, दर पाच मिनिटांनी नवं येतं. सुरुवातीला कापसाच्या गोळ्यांसारखे ढग रांगेत लागतात आणि बराच वेळ चपटेच राहतात. झाकण टिकून आहे. मग त्यांतला एखादाच फुगतो, कडा फुलकोबीसारख्या कडक दिसू लागतात, आणि वीस मिनिटांत त्याच्या डोक्यावरून ऐरणीसारखा पांढरा पडदा ईशान्येला पसरतो. रडारवर काही दिसायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं की कॅप फुटला.

वॉच लागायच्या थोडं आधी नॉर्मनहून 'मेसोस्केल डिस्कशन' येतं. वॉच लागेल का आणि कुठे, हे त्यात असतं. वॉच म्हणजे पुढचे काही तास मोठ्या भागात परिस्थिती अनुकूल आहे. वॉर्निंग म्हणजे वादळ आहे, रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलंय, आणि नकाशावर आखलेल्या त्या बहुभुजाच्या आत तुम्ही आहात. वॉच नॉर्मन देतं, वॉर्निंग स्थानिक कार्यालय. वॉच लागलं की गाडी छपराखाली, फोन चार्जिंगला, बूट दाराशी. लांबच्या ड्राइव्हला निघू नका.

रडार: आधी घड्याळ बघा, मग रंग

रडार उघडल्यावर पहिली नजर चित्राच्या वेळेवर. एक पूर्ण फेरी व्हायला रडारला चार ते सहा मिनिटं लागतात, आणि तुमचं ॲप त्यावर आणखी काही मिनिटं घालतं. ताशी ४५ मैलांनी धावणारं वादळ पाच मिनिटांत पावणेचार मैल पुढे गेलेलं असतं. स्क्रीनवर ते शेजारच्या गावात असतं तेव्हा प्रत्यक्षात तुमच्या गल्लीत असू शकतं.

दुसरं, हे चित्र कुठल्या रडारचं आहे? किरण जमिनीला समांतर जात नाही. लांब जाईल तसा वर वर जातो. सगळ्यात खालच्या अर्ध्या अंशाच्या फेरीतही १०० किलोमीटरवर तो साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि २०० किलोमीटरवर चारच्या आसपास. फोर्ट वर्थच्या रडारने विचिटा फॉल्सकडे बघणं म्हणजे वादळाच्या छातीकडे बघणं. पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. तिथलं बघायचं तर ओक्लाहोमातल्या फ्रेडरिकचं रडार घ्या. रडारस्कोपसारख्या ॲपमध्ये रडार निवडता येतं. वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावरही निवडता येतं, फुकट.

'कॉम्पोझिट' नको, 'बेस रिफ्लेक्टिव्हिटी' घ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या फेरीचं चित्र. कॉम्पोझिटमध्ये सगळ्या उंचींवरचं मिळून सर्वांत जास्त तेवढं दाखवतात, त्यामुळे जमिनीवर थेंबही नसताना डोक्यावर लाल रंग दिसतो. रंगांमागचं माप डीबीझेड, म्हणजे रडारकडे परतलेल्या लहरींची ताकद: ५० डीबीझेडच्या वर जोरदार पाऊस, ६०च्या वर गारा असण्याची दाट शक्यता.

आकार बघायला शिका. सुट्या वादळाच्या मागच्या नैऋत्य कोपऱ्यातून हुकासारखा आकडा वळलेला दिसला तर ते फिरतंय. रांगेतला एखादा भाग धनुष्यासारखा पुढे फुगला तर त्या फुगवट्याच्या टोकाशी सर्वांत जोराचा वारा. रांगेतले टॉर्नेडो मात्र आकडा दाखवायची वाट बघत नाहीत. काही मिनिटांत होतात आणि संपतात.

वेगाचं चित्र थोड्या सरावाने कळतं: हिरवं म्हणजे रडारकडे येणारी हवा, लाल म्हणजे दूर जाणारी. झगझगीत हिरवा आणि लाल अगदी खेटून दिसले की तिथे गरगर आहे. फक्त आधी रडार कुठे बसलंय ते नकाशावर शोधा, नाहीतर सगळं उलटं वाचाल. 'कोरिलेशन कोइफिशंट' नावाचं आणखी एक चित्र असतं. पाऊस असला की ते एकसारखं लाल दिसतं. त्या गरगरीच्या जागीच त्यात निळं भोक पडलं तर हवेत पावसाऐवजी पत्रे, लाकडं, झाडं उडताहेत. त्या वेळी टॉर्नेडो होईल का हा प्रश्नच उरत नाही, तो झालेला असतो.

कधी येणार: हातानं काढायचा हिशेब

रांगेच्या बाबतीत हमखास होणारी चूक अशी: रांगेतलं एकेक वादळ ईशान्येला पळत असतं, पण अख्खी रांग पूर्वेला किंवा आग्नेयेला सरकत असते. एका लाल ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं तर वाटतं, हा तर आपल्या वरून निघून जाणार. जातोही. मग त्याच्यामागून खालचा दुसरा येतो.

म्हणून ठिपका सोडा, रांगेची पुढची धार धरा. समजा, ४:३०च्या चित्रात ती एका जागी होती आणि ५:०० वाजता तुमच्या दिशेने १६ मैल पुढे आली. वेग ताशी ३२ मैल. तुमच्यापासून अंतर ४८ मैल. म्हणजे दीड तास, साडेसहा. त्यातून दहा-पंधरा मिनिटं कमी करा, कारण पावसाच्या पुढे थंड वाऱ्याचा झोत धावतो. रडारवर तो कधीकधी अगदी बारीक फिकट रेषेसारखा दिसतो. झाडं पडतात ती पुष्कळदा या वाऱ्याने, पहिला थेंब पडायच्या आधी. दर पंधरा मिनिटांनी नव्याने मोजा. रांगा वेग वाढवतात.

सुट्या वादळासाठी वॉर्निंगचा मजकूरच हिशेब करून देतो. 'डिकेटरजवळ, पूर्वेला, ताशी ४० मैल' असं लिहिलं असेल तर २६ मैलांवरच्या डेंटनला साधारण ४० मिनिटं. पण प्रबळ, फिरणारी वादळं बाकीच्यांपेक्षा उजवीकडे वळतात. ईशान्येला जाणारं पूर्वेला वळतं. त्यामुळे तुमच्या पश्चिमेचं वादळ सरळ उत्तरेकडून निघून जाईल असं धरून बसू नका.

आणि माझ्या गाडीची आठवण ठेवून, रांगेवर नजर असताना दर वेळी नैऋत्येलाही एकदा बघा. तिथे मोकळ्या जागेत नवा ठिपका उगवलाय का?

शेवटचा अर्धा तास

इथे एक सोडून सगळं बंद. मी फक्त वॉर्निंग बघतो. बहुभुजात आहे का नाही? असलो तर त्यात काय लिहिलंय? २०२१पासून सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंगवर नुकसानीची पातळी लिहितात. 'कन्सिडरेबल' म्हणजे पावणेदोन इंची गार किंवा ७० मैलांचा वारा; 'डिस्ट्रक्टिव्ह' म्हणजे पावणेतीन इंची, बेसबॉलएवढी गार किंवा ८० मैलांचा वारा. 'डिस्ट्रक्टिव्ह' असेल तरच फोन आपोआप किंचाळतो. साध्या सिव्हिअर वॉर्निंगला तो गप्पच राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

टॉर्नेडो वॉर्निंग आली तर सगळ्यांत खालचा मजला, बिनखिडकीची, घराच्या मधोमध असलेली खोली. टेक्सासात तळघरं फारशी नसतात. आमच्याकडे जिन्याखालचं कपाट आहे. पायांत बूट, कारण नंतर काचांवरून चालावं लागतं. डोक्यावर मुलांचं सायकलचं हेल्मेटही चालतं. मोबाइल होममध्ये असाल तर वॉर्निंगची वाट न बघता, वॉच असतानाच पक्क्या इमारतीत जा. सायरनवर भिस्त ठेवू नका. तो घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, बंद खिडक्यांआड झोपलेल्यांसाठी नाही.

मिसुरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ला टॉर्नेडोने १५८ माणसं गेली. नंतर वेदर सर्व्हिसने केलेल्या पाहणीत दिसलं की पहिला इशारा मिळाल्यावर बहुतेकांनी लगेच आडोसा घेतला नाही. ते आणखी कुठून तरी खात्री करून घेत राहिले. दारात जाऊन आभाळ बघितलं, टीव्ही लावला. रडार वाचता येणाऱ्यांना हा मोह जास्तच होतो. म्हणून आत जायची खूण आधी ठरवून टाका. आमच्या घरात ती 'टॉर्नेडो वॉर्निंगचा बहुभुज आमच्यावर' ही आहे. ती आली की फोन खिशात आणि सगळे कपाटात. त्यावर चर्चा होत नाही.

गेल्यावर

रांग गेली म्हणजे फ्रंट गेला असं नाही. वादळं पुष्कळदा फ्रंटच्या कितीतरी पुढे पळतात आणि त्यांच्यामागे दमट हवा तशीच उरते. दवबिंदू बघा. ६६वर होता तो ६२वर आला आणि वारा पुन्हा दक्षिणेचा झाला तर दुसरी फेरी येऊ शकते. तो चाळिशीत कोसळला, वारा वायव्येचा झाला आणि वायुभार चढू लागला तर फ्रंट खरोखर गेला. विजेसाठी वेगळा नियम: शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मधे पुन्हा ऐकू आला तर अर्धा तास पहिल्यापासून मोजायचा.

गारा पडल्या असतील तर वेदर सर्व्हिसला कळवा, किंवा लोकांनी हवामान कळवण्यासाठीच्या एमपिंग ॲपवर टाका. वॉर्निंग देणाऱ्याला रडारवर गारा असाव्यात एवढं दिसतं. जमिनीवर केवढी पडली ते तुम्हीच सांगू शकता. 'गोटीएवढी' म्हणू नका, प्रत्येकाची गोटी वेगळी. क्वार्टर नाणं म्हणजे १ इंच, गोल्फचा चेंडू पावणेदोन. पडल्याची वेळ लिहा, फोन केल्याची नाही. अंधारात, विजा चालू असताना मोजायला बाहेर धावायचीही गरज नाही: सगळं थांबल्यावर सर्वांत मोठी गार उचला, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, आणि पट्टी सापडली की मोजा. आमच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या मागे एक अजून आहे, दोन इंचांना जरा कमी.